मेमरी नसलेला बोर्ड

आम्ही विकतो त्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात मेमरी नाही. प्रोग्राम तो लिहिणाऱ्याच्याच डोक्यात साठतो आणि तेवढ्या जागेतलं दुसरं काहीतरी पुसलं जातं. मेमरीची चिप काढल्यामुळे बोर्ड इतका स्वस्त झाला की नवशिकेही बिनधास्त घेऊ लागले. एक दिवा लुकलुकवायला फार तर एखाद्या शेजाऱ्याचं आडनाव जातं. माहितीपत्रकात आम्ही तसं छापलंय, बारीक अक्षरात. त्यामुळे तक्रार टिकत नाही, असं आमचे भागीदार सोमण सांगतात. डिझाइन माझं.

परवा जयसिंगपूरहून सुलोचनाबाई मगदूम पेढे घेऊन आल्या. त्यांची रोपवाटिका आहे. माती वाळली की आपोआप पाणी सोडणारं यंत्र त्यांनी आमच्या बोर्डावर केलं होतं, कुणालाही न विचारता. सोबत एक गृहस्थ होते.

"हे पाहुणे," बाई म्हणाल्या. "बरेच दिवस आहेत आमच्याकडं. स्वभावानं चांगले आहेत."

पाहुणे म्हणजे त्यांचे यजमान, बाळगोंडा मगदूम. घरात आता चहा चांगल्या कपातून मिळतो, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं.

प्रोग्राम पुसून टाकू का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"लगीन झाल्यापासनं तिनं स्वतःसाठी उभी केलेली ही पयली वस्तू हाय. ती ऱ्हाऊ दे. माझ्यापुरती थोडी जागा करून द्या."

बाईंना विचारून मी प्रोग्राम उघडला. प्रत्येक वाफ्यासाठी तीच सूचना त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिली होती. ती एकदाच लिहून सगळीकडे वापरता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नवशिके असंच लिहितात हे मला ठाऊक होतं, आणि बोर्ड तर त्यांच्यासाठीच केला होता. लाजेनं माझे कान तापले. मी प्रोग्राम आटोपशीर केला. मोकळ्या जागेत गेलेलं परत येतं, पण मावेल तेवढंच. फक्त नाव मावलं.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"बाळगोंडा," त्या म्हणाल्या.

अख्ख्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अहो' म्हटलं की झालं. चारचौघांत ते ऐकून बाळगोंडा जमिनीकडे बघू लागले. मीही तिकडेच बघत होते.

"बाळगोंडा, मुक्काम आहे न्हवं अजून?"

"हाय," ते म्हणाले.