ओहोटीचा बाप्तिस्मा

पंढरी साळवे आज बसमध्ये चढतील की नाही, यावर कुंभवलीच्या मंडळीत कुणी पैज लावली नव्हती, कारण पैज लावणं पाप. पण मनातल्या मनात सगळ्यांनीच लावली होती, आणि निवृत्त पाळक दिनानाथ यांनी ती पंढरीच्या विरुद्ध लावली होती.

पंढरीचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, नाव तेवढं पणजोबांकडून आलेलं. नगरकडून ते तारापूरच्या कारखान्यात फिटर म्हणून आले, ते कायमचेच. मंडळीत कुणी आजारी पडलं की दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पंढरी हजर. उपासनेचा पंखा कुरकुरला की शिडीवर पंढरी. माणूस सोन्यासारखा, फक्त बाप्तिस्म्याचा विषय निघाला की म्हणायचा, "पुढल्या वर्षी बघू."

या मंडळीत बाप्तिस्मा मोठेपणी, समजून-उमजून, डोक्यापर्यंत पाण्यात बुडून घ्यायचा असतो. आणि तो घेतल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर मिळत नाही. भाकरीचं ताट फिरत आलं की पंढरी ते शेजारी बसलेल्या सुगंधाकडे, आपल्या बायकोकडे सरकवायचे आणि छताकडे बघत बसायचे. सुगंधा तुकडा उचलायची, पण एकटीच्या घशाखाली तो उतरता उतरत नसे.

दिनानाथांनी वीस-बावीस वर्षं या एका माणसासाठी जिवाचं रान केलं होतं. उपास केले. बायबलमधल्या खडकाळ जमिनीत पडून न रुजणाऱ्या बियांच्या दाखल्यावर उपासनेत इतके संदेश दिले, की ‘खडक’ हा शब्द आला रे आला की अख्खी मंडळी मागं वळून पंढरीकडे बघायची. पंढरी नम्रपणे मान डोलवायचे आणि उपासना संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला लागायचे. दिनानाथ निवृत्त झाले, तेव्हा निरोप-समारंभाच्या हारापेक्षा त्यांना हे एक शल्य जड झालं होतं.

मग गेल्या वर्षी सुगंधाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच तिनं पाणी मागायच्या आधी नवऱ्याकडून बाप्तिस्म्याची कबुली घेतली. आणि जे दिनानाथांना जमलं नाही, ते नवे पाळक दर्पण यांच्या खात्यावर जमा झालं. दर्पण तिशीतला, उमदा पोरगा. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही त्यानं मोबाइलवर काढलं होतं. "साहेब, शिरगावला सकाळी सातला भरती. आपण साडेसहाला किनाऱ्यावर."

"आमच्या वेळी कोळणींना विचारायचो," दिनानाथ म्हणाले.

"मोबाइलपण तेच सांगतो, साहेब."

बस वेळेवर निघाली असती, तर मोबाइलचं खरंही झालं असतं. पण पंढरी चढले आणि त्यांना आठवलं, की घरचा गॅस चालू राहिलाय. ते उतरून गेले, गॅस बंदच होता. पुन्हा चढले, तर रक्तदाबाची गोळी राहिली. बस बोईसर सोडते न सोडते तोच त्यांना मळमळायला लागलं. पालघरला त्यांनी लिंबू-सोडा घेतला आणि तो इतक्या सावकाश प्यायले, की सोड्यातला वायू निघून गेला आणि घड्याळात साडेअकरा वाजले.

"सैतान अडवतोय," दिनानाथ बायकोच्या कानात कुजबुजले.

"सैतानाला दुसरी कामं नाहीत?" गोदूबाई म्हणाल्या. "माणूस घाबरलाय. चेहरा बघा त्याचा."

"देवाचं भय वाटलं, तर चांगलंच आहे," दिनानाथ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या डोळ्यांपुढे जुना टेम्पो होता. कारखान्यांची धुराडी अजून मोजकी होती, उपासना एका कामगाराच्या खोलीत व्हायची, आणि बाप्तिस्म्याला निघताना मागच्या उघड्या हौद्यात हार्मोनियम मांडीवर घेऊन सगळे पहाटे गात निघायचे. पाण्यातून बाहेर आलेली माणसं सुरूच्या झाडांखाली कुडकुडत किटलीतला काळा चहा प्यायची, तेव्हा त्यांच्या ओल्या पंच्यांचा वास, खारा वारा आणि आल्याचा वास एकत्र व्हायचा. त्या वेळी दिनानाथांच्या दंडात एका वेळी दोन माणसं सावरायची ताकद होती. आता बसची पायरी चढताना गोदूबाई मागून हात लावायच्या.

शिरगावला पोचले, तेव्हा समुद्र जागेवर नव्हता.

मैलभर नुसता करडा, ओला, चकाकणारा गाळ पसरला होता आणि त्याच्या पार टोकाला पाण्याची एक चंदेरी रेघ दिसत होती. दर्पणनं मोबाइलकडे पाहिलं, मग समुद्राकडे. जणू दोघांपैकी कुणीतरी माफी मागेल.

"आता भरती संध्याकाळीच," तो पडेल आवाजात म्हणाला. "थांबायचं का?"

झालं. पंढरी आता घरी पळणार, अशी दिनानाथांची खात्री पटली. सुगंधाचे डोळे तर भरूनच आले. पण पंढरी समोर बघत होते आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच फुलला होता.

"थांबायचं कशाला?" ते म्हणाले. "भरती नको. आत्ताच उरकू. चला!"

आणि चप्पल काढून ते चालायलाही लागले.

"अहो, जरा हळू!" सुगंधा मागून धावली.

इतक्या वर्षांचा खडक फुटताना दिनानाथ स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. गोदूबाईंना सुरूखाली चहाजवळ ठेवून तेही धोतर खोचून निघाले. मंडळीनं गीत सुरू केलं. पाच कडव्यांचं गीत दोनदा म्हणून झालं, तरी पाणी घोट्यालाही लागेना.

सगळ्यांत पुढे दर्पण होता, पांढऱ्याशुभ्र झग्यात. वेळ वाचवायला म्हणून तो सरळ रेषेत निघाला आणि एका जागी त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला त्यानं दुसरा रोवला, तर तोही गेला. झगा चिखलावर छत्रीसारखा पसरला.

"साहेब," तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "मी अडकलोय."

दोघे मदतीला धावले, तेही घोट्यापर्यंत रुतले. तेवढ्यात लांबून एक माणूस हात हलवत ओरडत आला. तो बळवंत, किनाऱ्यालगतच्या चिकूवाडीचा मालक. गाळातून वाट काढत तो असा येत होता, जसा आपल्याच अंगणातून चाललाय.

"ओ, हलू नका! जेवढे हलाल तेवढे जाल आत! आडवे व्हा, आडवे!"

"पण माझा झगा—"

"झगा धुता येतो, भाऊ. तुमी आडवे व्हा."

पाळक चिखलात उताणे झाले. मंडळीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले, काहींनी प्रार्थनेसाठी आणि काहींनी हसू लपवायला.

बळवंतनं विचारलं, "पण तुमी इकडं करताय काय?"

"यांना पाण्यात बुडवायचंय," सुगंधानं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

बळवंतनं पंढरीकडे आपादमस्तक पाहिलं. "का, काय केलं यांनी?"

समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "मग पाणी हाय की इकडं." खडकांच्या आड ओहोटीनं मागं ठेवलेलं एक डबकं होतं, स्वच्छ, बसलं तर छातीपर्यंत येईल एवढं.

दर्पण चिखलातूनच ओरडला, "साहेब, मला निघायला वेळ लागेल. तुम्ही द्या बाप्तिस्मा!"

"मी निवृत्त माणूस, दर्पण."

"साहेब, पंढरीकाका तयार आहेत तोवर द्या!"

दिनानाथ डबक्यात उतरले. पंढरी आधीच आत जाऊन म्हशीसारखे बसले होते. वाकणं गुडघ्यांना जमेना, म्हणून दिनानाथही शेजारी बसले. पाणी कोमट होतं. त्यांनी एक हात पंढरीच्या पाठीमागे घातला, आणि कित्येक वर्षांनी बाप्तिस्म्याचे शब्द त्यांच्या ओठांवर आले.

"पाळकसाहेब," पंढरी हळूच म्हणाले, "सोडू नका हं."

"नाही सोडणार."

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने," म्हणत दिनानाथांनी त्यांना मागं झुकवलं. पंढरींनी त्यांच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही मुठींनी गच्च धरली, आणि दोघेही एकदमच पाण्याखाली गेले.

"एकावर एक फुकट की काय?" बळवंत म्हणाला.

दोघे वर आले. सुगंधा डबक्याच्या कडेला गुडघे टेकून रडत होती, हसत होती, नवऱ्याच्या डोक्यावरचं शेवाळ काढत होती. चिखलातून दर्पणनं गीत सुरू केलं आणि सगळ्यांनी ते उचललं. दिनानाथांना पाण्यातून उठता येत नव्हतं, पण त्यांना उठायची घाईही नव्हती.

"चला आता," थोड्या वेळानं बळवंत म्हणाला, "पाणी परतायला लागेल."

हे ऐकलं मात्र, पंढरी धोतर आवरून जे पळाले, ते थेट सुरूखालीच थांबले.

बाकीचे पोचले, तेव्हा ते गोदूबाईंनी दिलेला काळा चहा पीत होते. बळवंतनं चिखलातून ओढून काढलेला दर्पण त्याच्याच वाडीतल्या पंपाखाली झगा धुवायला गेला. दिनानाथ पंचा गुंडाळून पंढरीशेजारी सतरंजीवर टेकले.

"पंढरी, एक सांग. इतकी वर्षं मन का कठीण केलंस?"

"मन कुठं कठीण हुतं, पाळकसाहेब?" पंढरी खाली बघत म्हणाले. "ल्हानपणी हिरीत पडलो हुतो. पाण्याची लई भीती वाटती. आज दर्या लांब गेलेला बघितला, मंग धीर आला."

दिनानाथांनी कप खाली ठेवला. "अरे, मग एकदा तरी सांगायचंस!"

"तुमी इचारलं न्हाई," पंढरी म्हणाले. "तुमी संदेश द्यायचा. संदेश चांगले असायचे."

गोदूबाईंनी किटलीत नसलेला चहा ढवळला.

तेवढ्यात दर्पण ओल्या कपड्यांत, मान खाली घालून आला. वेळेचं भान, भरतीचं ज्ञान आणि पाळकाची जबाबदारी या तिन्हींवरचं सविस्तर बोलणं दिनानाथांनी शिरगावला उतरल्यापासून तयार ठेवलं होतं, बायबलच्या वचनांसकट. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. सतरंजीवर थोडे सरकले.

"घाबरला होतास का रे?" त्यांनी विचारलं.

दर्पणनं आधी इकडेतिकडे पाहिलं. "फार, साहेब."

पंढरींनी आपला पाय आवरून जागा केली.

"मंग बसा की हितं," ते म्हणाले. "आमच्यात."