कप्तान कासमभाईंची वही

कासमभाई मुलाणी बाजारात वांगी आणायला जात नसत. ते मोहिमेवर निघत. डोक्यावर खाकी हॅट, काखेत वही, कानावर पेन्सिल आणि दारातून आरोळी, "तळ हलवा!" हलवायचा तळ म्हणजे ते स्वतः आणि एक पिशवी. परतल्यावर वहीत नोंद होई : 'वारा पश्चिमेचा. वाटेत एक करडी शेळी भेटली. आमच्याकडे न पाहता निघून गेली. वांगी किडकी.'

ते लोणावळा स्टेशनात पार्सल क्लार्क, मी शाळेत मास्तर. चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. त्यांना हे वेड लागलं ते ऑफिसातल्या वजनकाट्यावर. खंडाळ्याचा बंगला सोडून विलायतेला निघालेल्या एका साहेबाच्या पेटीचं वजन जास्त भरलं, म्हणून त्याने तीन जाडजूड पुस्तकं काढून काट्यावरच सोडून दिली. शंभरावर वर्षांपूर्वी अमेरिकेतले दोन कप्तान नद्यांमधून, डोंगरांवरून थेट पश्चिमेच्या समुद्रापर्यंत गेले होते, त्यांच्या त्या रोजनिशा. पाय सुजोत, नाव बुडो, रोज लिहायचं : किती चाललो, काय खाल्लं, कोण भेटलं. डिक्शनरी शेजारी ठेवून कासमभाई दोन पावसाळे ते वाचत होते.

"मास्तर, कप्तान दोन होते," एके दिवशी ते म्हणाले. "दोघं वेगवेगळी वही लिहायचे. एकाची हरवली तर दुसऱ्याची राहावी." आणि त्यांनी माझ्या हातात कोरी वही ठेवली. माझी भरती झाली ती अशी. ती वही अजून आहे माझ्याकडे. तिच्यात खाण्यापलीकडे फारसं काही नाही.

एका बाबतीत मात्र त्यांचा त्या कप्तानांवर भारी राग होता. दिसेल त्या नदीला ते आपल्या दोस्तांची नावं देत सुटले होते. "अहो, तिथं माणसं राहत होती!" पुस्तकावर बोट आपटत कासमभाई म्हणत. "त्यांनी ठेवलेलं नाव असणारच की. आधी विचारायचं!"

म्हणून आमच्या मोहिमेचा नियम ठरला. रविवारी मावळातल्या एखाद्या गावी जायचं, ओढ्याचं नाव विचारायचं, लिहायचं. गावाने "न्हाई बा नाव" म्हटलं, तरच आपण ठेवायचं. स्टेशनमास्तरांच्या नावाला असा एक झकास धबधबा मिळाला. मला मिळाला तो ओढा वर्षातले आठ महिने कोरडा. तक्रार केली, तर म्हणाले, "पण मास्तर, उरलेले चार महिने काय आवाज करतो!"

कप्तानांनी गावोगावच्या म्होरक्यांना मणी आणि आरसे वाटले होते. तेव्हा आमच्या पिशवीतही पाटलासाठी एक आरसा असे.

एका रविवारी कामशेतला उतरून आम्ही वडिवळ्याला गेलो. कासमभाई ओढ्याच्या पलीकडच्या काठावर दोरी धरून उभे, दुसरं टोक माझ्या हातात. मी "आधी भाकरी खाऊ" म्हणत होतो, एवढ्यात शेतातली दहा-बारा माणसं आली. पुढे म्हातारे पाटील.

"काय मोजताय वं?"

"ओढा!" कासमभाई अभिमानाने म्हणाले.

"कशापायी?"

"वहीत लिहायला!"

याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. डोंगरापलीकडचं धरण होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि सगळ्या मावळाला क्रम पाठ होता. आधी हॅटवाला येतो, मग दोरी येते, मग वही, आणि शेवटी पाणी.

"धरणवाला हाय ह्यो!" कुणीतरी ओरडलं. माझ्या हातातली दोरी गेली. कासमभाई धावत अलीकडे आले, तर त्यांची वहीही गेली. घाईघाईने त्यांनी आरसा काढून पाटलांपुढे धरला. पाटलांनी त्यात आपलं तोंड पाहिलं.

"गाव बुडवून आरसा देताय व्हय? टाका रं ती वही पान्यात!"

आता कासमभाई हात पसरून भाषण ठोकतील, अशी माझी खात्री. ते काठावर मटकन बसले. हॅट काढली. आणि त्यांची स्टेशनातली भाषा कुठल्या कुठे गेली.

"मी धरणवाला? आरं, माजंच गाव पान्याखाली हाय. उंबरवाडी. घर, दारातली चिंच, बाची कबर, समदं तितंच हाय. ती वही तेवडी बुडवू नका रं."

नऊ वर्षं मी त्यांचा शेजारी. गाव विचारलं की म्हणायचे, "लोणावळाच."

मागून एक म्हातारी पुढे आली. "कंची उंबरवाडी? वरली का खालली?"

"खालली."

"मी वरलीची लेक. हितं दिलेली. हुसेन मुलाण्याचा का रं तू?"

"व्हय, मावशी."

तिने वही हिसकावणाऱ्या माणसाच्या हातातून ती ओढली आणि कासमभाईंच्या मांडीवर ठेवली. "लिवतोस न्हवं? मंग लिव. वाघजाईचा ओढा."

कासमभाईंनी वही मागच्या बाजूने उघडली. ती पानं मी कधी पाहिली नव्हती. वाघजाईचा ओढा लिहिलेला होता.

"धोंडीचं टाकं."

लिहिलेलं होतं.

"करवंदीचा व्हाळ."

तोही होता. बुडालेल्या खोऱ्यातलं सगळं पाणी तिथे एकाखाली एक मांडलेलं, आणि प्रत्येकापुढे आकडा : आमच्या दारापासून इतकी पावलं. म्हातारी नाव घेई, कासमभाई त्यावर बोट ठेवत आणि मान हलवत. पाटीलही वाकून बघू लागले.

"आन् आमच्या परड्यामागं येक पाझर व्हता," म्हातारी म्हणाली. "त्येला नाव न्हवतं काय."

बोट थांबलं. कासमभाईंनी कानावरची पेन्सिल काढली.

"मावशी, तुमचं नाव?"

"सखू."

'सखूचा पाझर,' त्यांनी लिहिलं. "तुमच्या दारापासून पावलं किती?"

म्हातारीने डोळे मिटले. ओठ हलू लागले.

"तीस," ती म्हणाली. "पर ल्हान पावलं लिव, बाबा. सात वर्साच्या पोरीची."

कासमभाईंनी तसंच लिहिलं.

त्या दिवशी पाटलांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. काय जेवलो, ते माझ्या वहीत लिहिलेलं नाही.