बोहेमियाची अन्नपूर्णा

आमच्या शेजारचे बोडसकाका भाजीवाल्याला भाव विचारत नाहीत, मूळ गाव विचारतात.

"भैया, कहाँ के हो?"

"मलिहाबाद के, बाबूजी."

"वो तो अब के. असल में?"

"असल में तो सब ऊपरवाले के हैं. लौकी लीजिए."

उत्तरेतल्या आमच्या अख्ख्या आलमबाग मोहल्ल्यात काकांना गप्प करणारा तो एकच. मानक नगरातली इंजिनिअरकी संपल्यापासून काकांना दुसरा उद्योग नाही. स्वतःची ओळखही ते "आम्ही मूळचे गुहागरचे आणि बोहेमियाचे" अशीच करून देतात. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशातला मुलूख. काकांचे पणजोबा तिथे काचकाम शिकायला गेले आणि येताना बायको घेऊन आले. फोटोत ती नऊवारीत आहे, नाकात नथ, आणि चेहऱ्यावर भाव असा, की आता ही काढली तर चालेल का?

मला वंशावळींचा तिटकारा आहे. कोण कुठल्या कुळातला हे विचारूनच आपण माणसं गावकुसाबाहेर ठेवली, हे मी काकांना दर रविवारी सुनावते. काका पोह्यांची बशी पुढे सरकवतात. "बरोबर आहे तुझं. पण मूळ सोडलं की माणूस म्हणजे कुंडीतलं झाड."

"आमची तुळस कुंडीतच आहे हो," आतून काकू.

यंदा त्या फोटोच्या मागे पणजीच्या गावाचं नाव सापडलं. तिथल्या चर्चच्या दप्तरात गावातल्या प्रत्येक जन्माची नोंद असते. काकांनी लगेच मेल केला: आमची पणजी अन्नपूर्णा बोडस हिची नोंद शोधावी.

पाद्रीबाबांचं उत्तर फार सभ्य होतं. अन्नपूर्णा नावाची मुलगी आमच्या गावात कधी जन्मलेली दिसत नाही. तिचं खरं नाव कळवाल का?

काकांनी गुहागरपासून नागपूरपर्यंत फोन लावले. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नवं नाव सगळ्यांना पाठ. जुनं कोणालाच ठाऊक नाही.

"दर पितृपक्षात मी तिला भलत्याच नावाने हाक मारतोय," काका म्हणाले. "ती यायची कशी?"

भाषण माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी एवढंच विचारलं, "काका, काकूंचं माहेरचं नाव काय?"

दारावरच्या पाटीवर 'सौ. वसुधा' होतं. काका तिकडे बघत राहिले.

"इंदू. पत्रिकेत वाचलं होतं." मग हळूच, "आवडलंही होतं."

पाद्रीबाबांनी त्या काळातल्या सगळ्या मुलींची नावं पाठवायचं कबूल केलंय. काका एकेक मोठ्याने वाचून बघणार आहेत.

काल संध्याकाळी काकू गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. काका दोन कप घेऊन जिन्याच्या दारात उभे राहिले.

"इंदू."

काकू वळल्या नाहीत.

"इंदू, चहा केलाय."

काकूंच्या हातातली चादर तशीच दोरीवर राहिली.

"आणखी एकदा म्हणा," त्या न वळताच म्हणाल्या.