पाच नंबरचा कॉम्प्युटर

“पार्ट बसत न्हाय असं जगात होत न्हाय! बसवनारा कच्चा असतो!”

हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो भिवंडीच्या कामतघरात राहत नाही, असं खुशाल समजा. बाळारामकाका पस्तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेला माग, त्यांच्या भाषेत साचा, चालू करून देणारा माणूस. कानस, हातोडी आणि पाना या तीन हत्यारांवर आपण भिवंडीतले निम्मे साचे जिवंत ठेवले, असं ते स्वतःच सांगतात. उरलेल्या निम्म्यांचं काय झालं ते सांगत नाहीत.

काकांचा एक ठाम नियम होता. पार्ट घेताना एक नंबर मोठा घ्यायचा! लहान पार्ट ओढून मोठा होत नाही, पण मोठा पार्ट घासून बसवता येतो. साच्यापुरता हा नियम अगदी खरा होता. पण काकांनी तो अख्ख्या संसाराला लावला होता. शैलाकाकू लग्नापासून एक नंबर मोठ्या चपला फटफटवत फिरत होत्या, कारण चपला काकांनी आणलेल्या आणि चपलेला काही कानस मारता येत नाही. असो. चपला मोठ्याच राहिल्या.

त्यांची मुलगी दीक्षा जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात स्कॅनिंगला होती. आठ तास उभं राहून डब्यांवर लाल लाइट मारायची आणि घरी येऊन गेम खेळायची. नुसती खेळायची नाही, गेममध्ये कुठे काय बिघडलंय ते शोधून बनवणाऱ्यांना कळवायची. या उद्योगाला काकू “रिकामे धंदे” म्हणत. पण एक दिवस त्याच रिकाम्या धंद्यातून एका कंपनीचा फोन आला! गेम तपासायची नोकरी, घरी बसून, शिफ्ट नाही, पायांना सूज नाही. अट एकच. शनिवारी सकाळी दहा वाजता चाचणी, आणि चाचणीचा गेम स्वतःच्या दणकट कॉम्प्युटरवर चालला पाहिजे.

दीक्षाने वर्षभर पैसे साठवलेलेच होते. स्वस्तात, पण गेम चालेल असा कॉम्प्युटर सुटे पार्ट जोडून बनवायचा, म्हणून तीन महिने रात्रंदिवस तिने यादी केली होती. कुठला पार्ट कुठल्या पार्टाशी जुळतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं बघून. आपल्याकडे लग्न जुळवतानासुद्धा माणसं एवढं बघत नाहीत. नेमकी शुक्रवारी तिला सुट्टी मिळेना. काकांना मात्र होती, कारण शुक्रवारी साचे बंद.

“पप्पा, यादीत आहे तेच आणा,” तिने निघताना बजावलं. “काही नसलं तर मला फोन करा. आणि डबे उघडू नका! संध्याकाळी येऊन मी जोडते.”

“म्या काय ल्हान हाय? तू बिनघोर जा.”

दीक्षा बिनघोर गेली. इथेच चुकली.

कल्याण नाक्याजवळच्या दुकानात प्रितेश नावाचा तरुण बसला होता. त्याने यादी वाचली आणि मान हलवली.

“बाकी सब है काका, पर ये रायझन फाइव प्रोसेसर खतम हो गया. कल शाम को आएगा.”

उद्या संध्याकाळी! चाचणी उद्या सकाळी! काकांनी दीक्षाला फोन लावला. पण गोदामात ड्युटीवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तीनदा वाजून फोन बंद झाला. मुलीने नाही म्हटलेलं नाही, म्हणजे तिची परवानगी आहे, असा काकांनी अर्थ लावला. मग त्यांनी चष्मा पुसून काचेच्या कपाटात नजर फिरवली. तिथे एक निळा डबा होता, त्यावर मोठ्या अक्षरात आय फाइव!

“ह्यो काय? ह्यो बी पाचच हाय की!”

“काका, वो इंटेल का है. उसका बोर्ड अलग आता है.”

बोर्ड अलग! काका मनात हसले. पस्तीस वर्षं ते स्पेअर पार्टच्या दुकानांत उठबस करत होते. एक बोल्ट मागितला की नट, वायसर आणि अख्खी मोटर गळ्यात मारणारे दुकानदार त्यांनी पाहिले होते. पाच नंबरच्या नटाला पाच नंबरचा पाना लागतो, मग नट कुठल्या कंपनीचा ते कोण विचारतं?

“बोर्ड यादीतलाच दे. आनि ह्यो पाच दे.”

“नहीं चलेगा काका!”

“चालवनारा मी हाय!”

मग रॅम आली. यादीत होती डीडीआर चार. शेजारीच डीडीआर पाच टांगलेली! काकांच्या डोळ्यांत चमक आली. एक नंबर मोठा, आणि तोही समोर लटकतोय!

“ती पाचवाली दे.”

“काका!” प्रितेश रडकुंडीला आला. “आपने पहले काम किया है ना?”

“पस्तीस वर्सं!”

कशाचं, ते त्याने विचारलं नाही. बिचाऱ्याला वाटलं, एवढा अनुभवी माणूस आहे, काहीतरी हिशोब असेल. तरी पावतीवर त्याने जाड अक्षरांत लिहिलं: माल परत घेतला जाणार नाही. काकांनी खाली ऐटीत सही ठोकली.

घरी येईपर्यंत दुपारचे बारा वाजले होते. काकांनी डबे पलंगावर मांडले आणि त्यांच्याकडे पाहत बसले. दीक्षा पाचला येणार. पोर दमून येईल, मग जोडत बसेल, आणि उद्या तर परीक्षा! त्यापेक्षा ती यायच्या आत मशीन चालू करून ठेवलं तर? काकांच्या मनात कपट मुळीच नव्हतं. होती ती निव्वळ माया, आणि तीच महागात पडली.

“तिनं उघडू नका म्हनलंय,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“तिला जोडायला लागंल म्हनून म्हनली. मी जोडल्यावर तिचा काय त्रास हाय?”

सुरुवात झकास झाली. दुष्मनानेसुद्धा मान्य करावं अशी! ग्राफिक्स कार्डही काकांनी एक नंबर मोठंच आणलेलं, ते पेटीत बसेना, दोन बोटं लांब. काकांनी पेटीच्या आतली पत्र्याची पट्टी करवतीने कापून टाकली आणि कार्ड आत सरकलं, एकदम फिट्ट!

“बघितलंस? कॉम्प्युटरवाला असता तर नवी पेटी आनायला पळाला असता!”

तेवढ्यात सुट्टीवर असलेला शेजारचा मिलिंद डोकावला. तोही पूर्ण्याच्याच गोदामात, पण परत आलेल्या मालाच्या विभागात. लोकांनी मोडून, जाळून, भिजवून परत पाठवलेल्या वस्तू दिवसभर बघून त्याला वाईट बातमीचा वास लवकर यायचा.

“काका, दीक्षाला विचारलंय ना?”

“फोन केलेला,” काका म्हणाले. खोटं बोलले नाहीत.

मग त्यांनी प्रोसेसरचा डबा फोडला, चिप उलटी केली आणि डोळे मोठे केले. बोर्डावर बारीक बारीक भोकं, हजारभर तरी असतील. आणि प्रोसेसरला पिन एक नाही! गुळगुळीत! काकांच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी तडक दुकानात फोन लावला.

“अरे, पिना कुटं हायत?”

“कौनसे पिन काका?”

“प्रोसेसरच्या! सगळ्या उपटून घेतल्यास?”

“उसमें पिन होते ही नहीं! पिन उसके बोर्ड में होते हैं!”

“मंग माझ्या बोर्डात भोकं कशाला ठेवलीत? हवा खायला?”

“काका, वो बोर्ड दूसरी कंपनी का है, मैंने बोला था...”

“दुसरी कंपनी!” काकांनी फोन ठेवला. “मिलिंदा, माझ्या साच्याची मोटर एका कंपनीची, पट्टा दुसऱ्या कंपनीचा, धोटा तिसरीचा. कापड निघतं का न्हाय? म्हने दुसरी कंपनी!”

मिलिंदने तोंड उघडलं, पण काकांच्या हातात कानस आलेली पाहून मिटलं. प्रोसेसर एका अंगाने जरासा लांब भरत होता. काकांनी तो दोन बोटांत धरला आणि कडेवर कानस फिरवली. हलकेच, प्रेमाने, सोनार नथीला फिरवतो तशी. दोन हात या अंगाला, दोन त्या. मग प्रोसेसर जागेवर ठेवला. बसला!

“बघ! निस्तं नंबर नंबर करतात!”

रॅमचीही तीच कथा. पट्टीच्या मधली खाच बोर्डाच्या खाचेशी जुळेना, पाव बोट इकडे. काकांनी नवी खाच पाडली. सोनेरी रेघा कापल्या गेल्या तेव्हा मिलिंदने डोळे बंद केले. मग प्रोसेसरवर लावायची मलमाची छोटी नळी निघाली. नखाएवढं मलम! काकांना त्यात कंपनीचा कंजूषपणा दिसला. त्यांनी साच्याचं ग्रीस आणलं आणि चमचाभर थापलं, वर पंखा ठेवून चारी स्क्रू आवळले.

पावणेपाचला दीक्षा दारात आली. बूटही काढले नव्हते.

“डोळे मीट!” काका ओरडले आणि बटण दाबलं.

लाल, निळ्या, हिरव्या लाइटी लागल्या! तिन्ही पंखे गरगरले! काकू टाळ्या वाजवायला लागल्या. “लाइटी लागल्या म्हंजे झालं!” काकांनी जाहीर केलं. मिलिंदसुद्धा क्षणभर चमत्कारावर विश्वास ठेवायच्या बेतात आला. पडदा तेवढा काळा होता.

“तापायला येळ लागतो,” काका म्हणाले.

तापला. आतून धुराची एक सडपातळ रेघ वर आली, पाठोपाठ जळक्या ग्रीसचा वास आणि टक्! घरातली वीज गेली.

दीक्षाने मोबाइलची बॅटरी लावली, पेटी उघडली आणि एकेक पार्ट बाहेर काढून फडक्यावर मांडला. प्रोसेसर हातात घेऊन तिने कडेवरून बोट फिरवलं.

“पप्पा, हे कानशीने घासलंत?”

“दोनच हात मारले.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती भिंतीला टेकून खाली बसली आणि सुजलेले पाय पुढे पसरले. आयुष्यात पहिल्यांदा काकांना वाटलं की बसवणारा कच्चा होता. त्यांनी न जेवता पलंग धरला. काकूंनी आग्रहही केला नाही.

शनिवारी दहाला दहा कमी असताना दीक्षाने कंपनीला फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. कॉम्प्युटर नाही. होता, पण आता नाही. पलीकडच्या बाईंनी विचारलं, नेमकं काय झालं? दीक्षा सांगत गेली. पिनांपर्यंत पोचली तेव्हा बाई हसायला लागल्या. खाचेपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी खोलीतल्या आणखी चौघांना ऐकायला बोलावलं. मग म्हणाल्या, आमचं काम बिघाड शोधून नीट लिहिण्याचंच आहे. गेममधला नाही तर तुझ्या घरातला लिही. आमच्या नमुन्यात, इंग्रजीत, फोटोंसह. बारा वाजेपर्यंत दे.

दीक्षा मोबाइल घेऊन काकांसमोर बसली.

“पप्पा, अगदी पहिल्यांदा काय केलंत?”

“पहिल्यांदा बाबासाहेबांच्या फोटोला जयभीम केला.”

“ते लिहीत नाही. मग?”

दीड तास उलटतपासणी चालली. किती घासलंत, कुठल्या बाजूने, का? काकांनी आधी मान खाली घालून उत्तरं दिली. पण कानशीची विचारणा झाली तशी मान हळूहळू वर आली, आणि ग्रीसपाशी येईपर्यंत ते उभे राहून हातवारे करत होते. एवढं मन लावून त्यांचं काम आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं. मालकाने तर कधीच नाही.

मंगळवारी उत्तर आलं. दीक्षाची निवड! इतका स्वच्छ लिहिलेला बिघाड आम्ही पाहिला नाही, असं कंपनीने कळवलं. कॉम्प्युटर कंपनीच पाठवणार होती, पूर्ण जोडलेला, सील मारून.

काकांनी दीक्षाने लिहिलेल्या त्या बिघाडाची छापील प्रत काढून आणली, तिला लॅमिनेशन केलं आणि मिलिंदला हाक मारली.

“माझं नाव हाय का रं ह्यात? इंग्लिस मला जमत न्हाय.”

मिलिंदने कागद हातात घेतला. “नाव नाही काका, पण तुम्ही आहात. इथं खाली. रूट कॉज, म्हणजे मूळ कारण...” तो अडखळला.

“वाच की!”

“मूळ कारण: वडील.”

काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा चष्मा लावला.

“पोरीनं लिवलं? सोताच्या हातानं?”

“हो काका.”

“तोंडावर कधी बोलली न्हाय बघ!” काकांनी कागद त्याच्या हातातून घेतला. “आनि कंपनीनं मान्य केलं?”

“सगळ्यांनी एकमताने.”

आता तो कागद दारासमोरच्या भिंतीवर आहे. येईल त्याला काका चहा पाजतात, खालच्या ओळीवर बोट ठेवतात आणि छाती फुगवून सांगतात, पोरीला नोकरी लागली त्याचं मूळ कारण कोण, ते कंपनीनं मान्य केलंय! इंग्रजी येणारे पाहुणे ती ओळ वाचतात, काकांकडे बघतात आणि भराभर चहा संपवतात.

“एक अक्षर खोटं न्हाय त्यात,” शैलाकाकू आतून म्हणतात.