नंबरकाकांचे फॉग लाइट

"उजेडाबद्दल मला कुणी शिकवायचं नाही," असं नंबरकाकांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं, तेव्हा घरात ते ऐकायला एकट्या काकूच होत्या, आणि त्याही मशीनवर पडद्याच्या चुण्या घालण्यात गुंतल्या होत्या.

काकांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. जन्म सगळा भिंगं घासण्यात गेलेला. माणूस भेटला की "कसं काय?" विचारायच्या आधी ते "नंबर किती?" असं विचारत. त्यामुळे त्यांचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते आणि अलीकडे त्यांनाही ते सही करतानाच आठवत असे.

विषय गाडीचा होता. काकांची गाडी म्हातारी होती. एके काळी ती निळी होती, आता तिच्या रंगाला काय म्हणावं यावर घरात दोन मतं होती. पुढच्या बंपरमध्ये खाली दोन गोल फॉग लाइट होते. त्यांच्या काचा जुन्या वर्तमानपत्रासारख्या पिवळ्या पडलेल्या. उजव्यात पाणी साचलेलं आणि डाव्यात मुंग्यांनी बिऱ्हाड केलेलं. थंडी पडली होती, रोज सकाळी दाट धुकं उतरत होतं, आणि त्याच आठवड्यात काकूंची ड्रायव्हिंगची टेस्ट होती.

ही टेस्ट म्हणजे काही हौस नव्हती. गावाबाहेर इमारतींची मोठी वसाहत उभी राहिली होती आणि तिथल्या घरांचे पडदे शिवायचं काम काकूंकडे आलं होतं. गठ्ठे पोचवायला टेम्पो कधी मिळे, कधी मिळत नसे. वसाहतीचा मॅनेजर एकदा स्पष्टच बोलला होता, की माल वेळेवर येणार नसेल तर त्याला दुसरीकडे बघावं लागेल. काकूंनी त्याच संध्याकाळी गाडी शिकायला घेतली. पहिल्या टेस्टला गाडी चढावर बंद पडली. दुसऱ्या वेळी सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या काकांनी "ब्रेक!" म्हणून आरोळी ठोकली. काकूंनी मोकळ्या मैदानात करकचून ब्रेक मारला आणि शेजारी बसलेल्या इन्स्पेक्टरचं कपाळ काचेला टेकलं. ही तिसरी खेप.

त्या नापास होण्याचं काकांना मनातून फार लागलं होतं. काहीतरी भरपाई करावी असं वाटत होतं, पण "माझं चुकलं" म्हणण्यापेक्षा नवे फॉग लाइट आणणं त्यांना सोपं गेलं. काकू म्हणाल्या, की बसवायचेच असतील तर गॅरेजवाल्याकडून बसवून घ्या. गॅरेजवाला टेस्टनंतरच्या दिवशी मोकळा होणार होता. काका म्हणाले, दोन दिवे, चार वायरी, त्यात गॅरेज कशाला?

रविवारी दुपारी त्यांनी बंपर सोडवला. त्याचे स्क्रू एका वाटीत ठेवले, त्या वाटीला पाय लागला आणि त्यातले निम्मे गटारात गेले. मुंग्यांना मात्र त्यांनी फुंकर मारून अदबीने बाहेर काढलं. नव्या दिव्यांसोबत आलेल्या कागदावरची अक्षरं इतकी बारीक होती, की काकांनी दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग आणवलं. तेव्हा कळलं की तो कागद त्यांना न येणाऱ्या भाषेत आहे. मग त्यांनी रंग बघून वायरी जोडल्या. लाल लालला, काळी काळीला. एक पिवळी उरली, ती त्यांनी दिसेल त्या जवळच्या वायरीला पिळून टाकली. गटारात गेलेल्या स्क्रूंच्या जागी पडदे अडकवायची तार आली.

संध्याकाळी बटण दाबलं आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. भिंतीवर झोपलेली पाल खाली पडली. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काकूंनी हातातला पडदा बाजूला ठेवून मनापासून कौतुक केलं. आपल्यासाठी हा माणूस दुपारभर चिखलात लोळला, हे त्यांना दिसत होतं.

टेस्टच्या सकाळी असं धुकं पडलं होतं, की फाटकातून घर दिसत नव्हतं. काकू चालवायला बसल्या, शिकाऊची पाटी लावलेली होती. काका शेजारी बसले. त्यांनी मोठ्या थाटात नवं बटण दाबलं, दिवे लागले, आणि गाडी गल्लीतून निघाली. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर गाडीने एक गचका खाल्ला. त्यानंतर काकांचं जे बोलणं सुरू झालं ते थांबेचना. साधा दिवा धुक्यावर आपटून परत डोळ्यांत कसा येतो, फॉग लाइटचा उजेड कसा खालून, जमिनीलगत सरपटत जातो, भिंग म्हणजे काय, किरण म्हणजे काय, ते सगळं त्यांनी समजावून सांगितलं. काकूंनी मध्येच आपल्या बाजूची काच खाली केली आणि मान थोडी बाहेर काढली. काकांना वाटलं, गरम होत असेल.

थोड्या वेळाने त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. मागे एक गाडी होती. तिच्या मागे अंड्यांचा टेम्पो, त्याच्या मागे दुधाचा टँकर, आणि त्याच्याही मागे धुक्यात विरत गेलेल्या दिव्यांच्या जोड्या. कुणीही पुढे जायला बघत नव्हतं.

"बघितलंस?" काका म्हणाले. "सगळे आपल्या उजेडात चाललेत."

काकू रस्त्यावरची पांढरी रेघ बघत होत्या.

पुढे डाव्या हाताला एक मोठं फाटक दिसलं. काका म्हणाले, हेच टेस्टचं मैदान. काकूंना ते अजून पुढे आहे असं वाटत होतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही. पण काकांनी इतक्या खात्रीने हात केला, की त्यांनी गाडी वळवली. त्यांच्या मागे पहिली गाडी वळली, अंड्यांचा टेम्पो वळला, टँकर वळला, सगळी रांगच्या रांग आत आली.

ते सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्याचं आवार होतं.

दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढे, आकाराचे नंबर रंगवलेले पाइप रचलेले, मधून एक गाडी जाईल एवढी वाट, आणि शेवटी भिंत. त्या दिवशी कारखान्यात मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. एवढ्या गाड्या बघून सुपरवायझर धावतच आला, त्याने काकांचा हात हातात घेतला आणि अदबीने विचारलं, "किती नंबरचे बघायचेत साहेब?"

काकांना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी विचारला होता. हा टेस्टच्या मैदानावरचा डोळे तपासणारा माणूस असणार, असं ते धरून चालले. "ते आधी तपासल्याशिवाय कसं सांगणार?" ते म्हणाले. सुपरवायझरला हे फारच पटलं. असं जाणकार गिऱ्हाईक विरळंच, म्हणत त्याने खुर्च्या आणायला माणूस पिटाळला. दोघांची ही बोलणी बराच वेळ अतिशय गोडीत चालली. डाव्या डोळ्याला काय असेल, असं काकांनी विचारलं, तेव्हा कुठे ती अडखळली.

तोवर मागच्या गाड्यांचे लोक उतरून पुढे आले होते. सर्वांत पुढच्या गाडीतून उतरलेल्या माणसाला काकांनी लगेच ओळखलं. गेल्या खेपेला ज्याचं कपाळ काचेला टेकलं होतं, तोच तो इन्स्पेक्टर.

"पहिली गाडी कुणाची?" इन्स्पेक्टरने विचारलं.

काका पुढे झाले. जागा चुकली हे त्यांनी मान्य केलं, पण एवढ्या धुक्यात सगळे सुखरूप आले ते आपल्या नव्या फॉग लाइटमुळे, हेही ध्यानात घ्यावं असं सुचवलं. इन्स्पेक्टर गाडीच्या पुढे गेला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. दोन्ही फॉग लाइट विझलेले होते. एक तर तारेला लोंबकळत जमिनीकडे बघत होता.

"मी तुमच्या मागच्या डाव्या इंडिकेटरच्या मागोमाग आलो," इन्स्पेक्टर म्हणाला. "तो सबंध रस्ताभर लागलेला होता. मला वाटलं, पुढचा माणूस डावीकडे वळायचं म्हणतोय, पण त्याचं मन होत नाहीये."

मागचा इंडिकेटर अजूनही लागलेला होता. उरलेली पिवळी वायर कुठे गेली ते काकांना आत्ता कळलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"दिवे कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरलाच गेले," काकू हळूच म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किरणांचं सांगत होतात ना. म्हटलं, पूर्ण होऊ दे."

आता प्रश्न बाहेर पडायचा होता. वाट इतकी अरुंद, की सगळ्यांना उलटंच जायला हवं होतं. टँकरवाला आणि टेम्पोवाला एकमेकांना सूचना देऊ लागले. काका गाडीकडे निघाले. इन्स्पेक्टरने त्यांना थांबवलं आणि इथवर गाडी कोणी आणली ते विचारलं.

"मी आणली," काकू म्हणाल्या. "आज माझी टेस्ट आहे."

"मग काढायचीही तुम्हीच."

काकू गाडीत बसल्या. काकांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की यावेळी तोंडातून अक्षर काढायचं नाही. जवळ उभं राहिलं तर राहवणार नाही, म्हणून ते बाजूच्या एका पाइपाच्या तोंडाशी जाऊन आत उभे राहिले. एकापाठोपाठ एक गाड्या मागे सरकत फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत बाजूला होऊ लागल्या. सगळ्यांत शेवटी काकूंची गाडी पाइपांपासून वीतभर अंतर ठेवून सावकाश मागे येत होती. वाट जिथे वाकडी होत होती तिथे ती आली, आणि काकांनी अगदी स्वतःशी, पुटपुटल्यासारखं म्हटलं, "थांब, थांब."

पाइप लांब होता. काकांचं पुटपुटणं त्यात घुमलं, फुगलं, आणि आवारभर गडगडत गेलं. "थांऽऽब! थांऽऽब!" टँकर जागच्या जागी थांबला. टेम्पो थांबला आणि त्यातली काही अंडी थांबली नाहीत. खुर्च्या घेऊन येणारा माणूस खुर्च्यांसकट थांबला. इन्स्पेक्टरच्या गाडीची तर चाकं करकचली. चालत राहिली ती फक्त म्हातारी निळी गाडी. ती वळणावरून तशीच सावकाश मागे सरकली, मोकळ्या जागेत आली, आणि थांबायच्या ठिकाणी थांबली.

इन्स्पेक्टर खाली उतरून काकूंच्या खिडकीशी आला. "एवढा मोठा आवाज झाला, तुम्हाला ऐकू आला नाही?"

"आला की," काकू म्हणाल्या. "पण ओळखीचा होता. मी आरशात बघितलं, मागे रस्ता मोकळा होता."

पुढे खऱ्या मैदानावर जाऊन रीतसर टेस्ट झाली. तोवर ऊन पडलं होतं. काका फाटकाबाहेर, भरपाईसाठी मागोमाग आलेल्या अंड्यांच्या टेम्पोवाल्याशेजारी बसून फुटलेली अंडी वेगळी करत होते. काकू बाहेर आल्या त्या हसतच आल्या. काकांनी उठून, दोन्ही हात अंड्याने बरबटलेले असताना, गेल्या खेपेची आरोळी आपली चूक होती असं एकदाचं सांगून टाकलं. काकू म्हणाल्या की हात पुसा आणि बसा, वसाहतीत पडदे पोचवायचेत.

त्यानंतर गाडी दिवसा घरी अशी क्वचितच असते. गॅरेजवाल्याने वायरी नीट करून दिल्या आणि काका दुकानात चालत जातात. धुक्याच्या दिवसांत गिऱ्हाइकांना ते ही हकीकत रंगवून सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात फॉग लाइट शेवटपर्यंत लखलखत असतात. एकदा असंच चाललं असताना काकू डबा द्यायला आल्या. गिऱ्हाइकाने त्यांना विचारलं, खरंच एवढा उजेड होता का हो?

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"रस्ता दिसत होता," काकू म्हणाल्या, आणि गाडी दुहेरी रांगेत लावलीय म्हणून घाईने निघून गेल्या.