शिकवणाऱ्याचं नाव

आमच्या कांबळे मॅडम चहा पिण्याआधी चहावाल्याची उलटतपासणी घेतात. "आलं नेमकं कधी घालायचं, हे कुणी शिकवलं हो तुम्हाला?" उत्तर मिळेपर्यंत आम्ही बाकीचे कप धरून उभे.

लिफ्ट दुरुस्त करणारा, रिक्षावाले, बँकेतल्या बाई, कुणाचीच सुटका नाही. एकदा मला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, तर माझं तोंड उघडं असताना त्यांनाही विचारलं.

खराडीतल्या आमच्या कचेरीत राष्ट्रीय कौशल्य धोरणाच्या मसुद्याचं काम चालतं. कोणत्या कामगाराला काय यायला हवं, त्याचं प्रमाणपत्र कसं असावं, हे आम्ही ठरवतो. म्हणजे जुन्या मसुद्यावरून नवा काढतो. मॅडम मात्र गवंड्याबद्दल लिहायचं तर दोन दिवस घमेल्याशेजारी जाऊन बसणार. त्यांचा हट्ट एकच होता: कामावरच शिकलेल्यांच्या प्रमाणपत्रात एक ओळ हवी, 'शिकवणाऱ्याचं नाव'.

"अहो मॅडम, कागदावर जागा नाही," साहेब म्हणाले.

"निम्म्या कागदावर बोधचिन्ह आहे. ते सरकून घेईल थोडं."

ओळ राहिली. मसुदा वरच्या समितीकडे गेला आणि गेल्या सोमवारी परत आला. ती ओळ लाल शाईनं खोडलेली. शेजारी शेरा: 'अनावश्यक'.

त्या दिवशी मॅडमनी चहावाल्याला काहीच विचारलं नाही. मला ते बघवेना. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून जे कधी सुचलं नव्हतं, ते मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी चष्मा काढला.

"आईनं. मांजरी गावात उसाच्या लागणीवर जायची. ऊस डोळ्यातून फुटतो. त्या डोळ्याला धक्का न लावता कांडी कशी तोडायची, ते बरोबरच्या सगळ्या बायकांना तिनंच शिकवलं. मी बांधावर बसून बघायचे. पुढे तिथं सरकारी प्रशिक्षण निघालं. तिथंही तीच शिकवायला. शेवटी बायकांना प्रमाणपत्रं मिळाली. आई शिकणाऱ्यांत नव्हती ना, म्हणून तिला नाही." चष्मा पुसत म्हणाल्या, "ती गेली तेव्हा तिचं नाव असलेला कागद म्हणजे एक रेशनकार्ड."

मॅडमनी पट्टी घेतली, नमुना प्रमाणपत्रावर खोडलेली ओळ पुन्हा आखली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: द्रौपदाबाई कांबळे.

"परत पाठवा."

"मॅडम, पुन्हा खोडतील."

"खोडू देत," त्या म्हणाल्या. "खोडण्याआधी वाचतील तरी."