अकरा गुरुवार आणि सहा लाख चाळीस हजार

माझं एकही व्रत आजवर वाया गेलेलं नाही. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रोज सकाळी तुळशीला पाणी आणि पोथीचा एक अध्याय, मगच चहा. यात मला कधी खाडा माहीत नाही. म्हणून आमच्या मुलीनं, मोनालीनं, बारावीनंतर मानसशास्त्र शिकायचं म्हटलं आणि तिच्या बाबांनी वही काढली, तेव्हा मी मुळीच घाबरले नाही. मी दत्ताला अकरा गुरुवार मौन बोलले. सूर्योदयापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मला वाटलं, अकराव्या गुरुवारी उद्यापन, शनिवारी फॉर्मची शेवटची तारीख, म्हणजे देवाला मध्ये एक दिवस मोकळाही मिळतो.

मोनालीचे बाबा, म्हणजे आमचे हे, सौंसरच्या एका पतसंस्थेत लिपिक आहेत. पांढुर्ण्याहून रोज बसनं जातात-येतात. त्यांच्याशी भांडता येत नाही, कारण ते भांडत नाहीत, बेरीज करतात. वहीच्या डाव्या बाजूला त्यांनी खर्च लिहिला. नागपूरला तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं एम.ए. होस्टेल आणि मेस महिन्याला आठ हजार, म्हणजे पाच वर्षांचे चार लाख ऐंशी हजार. फी एक लाख वीस. पुस्तकं आणि बसभाडं चाळीस. एकूण सहा लाख चाळीस हजार. उजव्या बाजूला मिळकत: पांढुर्णा, शून्य. सौंसर, शून्य. नागपूर, माहीत नाही.

"आपल्या इकडे कोण दुसऱ्यापाशी बसून मनातलं सांगते, अन् वरून पैसे देते?" हे म्हणाले. "सौंसरले बी.कॉम. कर. माझ्यासंगं बसनं येशील, संगंच परत."

मोनाली म्हणाली, "बाबा, मले लोकायचं ऐकायला आवडते."

"ऐकाले डिग्री काहून लागते? कान तर देवानं फुकट देले."

वही बंद झाली. पोरगी मागच्या अंगणात जाऊन रडली. आणि मी मौनाची तयारी म्हणून जपमाळ पुसून ठेवली.

पहिल्या गुरुवारी सकाळी शेजारच्या शांताबाई विरजण मागायला आल्या. मी ओसरीवर चटई टाकून जप करत होते. मला एक सवय आहे, मणी सरकला की माझी मान थोडी हलते. शांताबाईंनी दोन वाक्यं बोलून पाहिली, मान हलली. आणखी दोन बोलल्या, पुन्हा हलली. मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि बसल्या. माळेचे एकशे आठ मणी होईपर्यंत त्यांनी मला सांगितलं, की त्यांचे गुडघे मुळीच दुखत नाहीत. सून आल्यावर स्वयंपाकातून सुटका व्हावी म्हणून त्या दोन वर्षं लंगडत होत्या. मग डोळे पुसले, म्हणाल्या, "छायाबाई, तुमच्यासारखं समजून घेणारं कोणी भेटलं नाही आजवर," आणि विरजण न घेताच गेल्या. जाताना पाय कसे सरळ पडत होते.

दुसऱ्या गुरुवारी त्यांची सून करुणा आली. तिचंही मन भरून आलेलं. स्वयंपाकाचा तिला इतका कंटाळा, की सासूनं वैतागून तिला चुलीपासून दूर करावं म्हणून ती मुद्दाम वरणात मीठ जास्त घालत होती. मी एकशे आठ वेळा मान हलवली.

पाचव्या गुरुवारपर्यंत ओसरीवर माणसं थांबायला लागली. येताना नारळ आणायची, केळी आणायची, कोणी दत्ताच्या फोटोपुढं अकरा रुपये ठेवायचं. लोधीखेड्याची एक बाई तर बसनं आली. मला तिचं नावही कळलं नाही, पण तिच्या नणंदेविषयी सगळं कळलं. मी सगळं मनात ठेवत गेले. बोलता येत नव्हतं, मग ठेवणार कुठं?

सहाव्या गुरुवारी पुंडलिकराव आले. संत्र्याचे व्यापारी, आमच्या ह्यांचे जुने मित्र, आणि मानसशास्त्र म्हणजे रिकामा धंदा असं ह्यांना सांगणारे तेच. हंगाम संपलेला, वेळ मोकळा. आले होते मोनालीविषयी मला समजवायला. "वहिनी, हे शिकून पोट नाही भरत," म्हणाले. मणी सरकला, मान हलली. पुंडलिकराव जवळ सरकले. मग खालच्या आवाजात सांगायला लागले, की त्यांना शुगर आहे म्हणून बायको घरात बटाटासुद्धा शिजवत नाही. म्हणून ते देवळात जातो सांगून रोज सकाळी बसस्टँडवर दोन आलूबोंडे खातात. रोज. चतुर्थीलासुद्धा. जाताना एकवीस रुपये ठेवले.

मला वाटलं, आता ह्यांचे डोळे उघडतील. ह्यांनी डोळे उघडले आणि वहीही उघडली.

"पाह्य मोनाली," हे म्हणाले, "तुझी आई काय करून राहिली? नागपूर नाही, होस्टेल नाही, एम.ए. नाही. चूप बसून राहिली अन् ओसरी भरून राहिली. मंग सहा लाख चाळीस हजार कायले?" मग त्यांनी मिळकतीचा हिशेबही केला: सहा गुरुवारांचे सात नारळ, चार फण्या केळी, आणि देवळाच्या पेटीत गेले ते दोनशे त्रेपन्न रुपये. "अन् एवढी गर्दी असून कमाई पाह्य."

म्हणजे शिकायची गरज नाही हेही माझ्यामुळं सिद्ध झालं, आणि शिकून पैसा नाही हेही माझ्यामुळंच. मला सगळं दिसत होतं आणि गुरुवारचा दिवा अजून लागला नसल्यामुळं एक शब्द काढता येत नव्हता. मोनालीनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्या दिवशी जपात मणी चुकला. सौंसरच्या बी.कॉम.चा फॉर्म ह्यांनी दुसऱ्याच दिवशी आणून टेबलावर ठेवला.

उरलेले गुरुवार मी निष्ठेनं केले. अकराव्याला उद्यापन. पाच सवाष्णी जेवायला बोलावल्या: शांताबाई, करुणा, पुंडलिकरावांची बायको आणि गल्लीतल्या दोघी. बाहेरच्या खोलीत हे आणि पुंडलिकराव. दिवा लागला, आरती झाली, मौन सुटलं. पुरणपोळी वाढली. आणि मला वाटलं, या सगळ्यांनी माझ्याजवळ मन मोकळं केलं, मी कोणाला दोन शब्दांचा आधारही दिला नाही. आज देऊ. शिवाय हे बाहेर बसले आहेत, ऐकतील तर त्यांनाही कळेल की या विद्येचा केवढा उपयोग.

माझा आवाज मुळात बारीक. पण तोंडात पुरणपोळी असल्यामुळं पंगत गप्प होती.

मी म्हणाले, "शांताबाई, तुमचे गुडघे ठणठणीत आहेत, ही दत्ताची कृपा. आता लंगडायचं सोडा. आणि करुणाच्या हातात काही दोष नाही, मीठ ती मुद्दाम टाकते. दोघींना कंटाळाच आहे, तर एक वेळ तुम्ही करा, एक वेळ ती करेल."

मला वाटलं, किती सोपं होतं.

शांताबाईंनी घास ताटात ठेवला. करुणानंही ठेवला. मग दोघी एकमेकींकडं वळल्या.

"दोन वर्षं मी तुमचे पाय चेपून देले, आई."

"अन् मी दोन वर्षं तुझं खारट वरण खाल्लं, त्याचं काय?"

हे पाहून पुंडलिकरावांच्या बायकोला हसू फुटलं. पंगतीत हसणं बरं नाही, म्हणून मी तिला शांत करायला गेले. "वहिनी, तुम्ही नशीबवान. पुंडलिकराव देवळात न जाता बसस्टँडवर रोज आलूबोंडे खातात खरे, पण खाताना त्यांना तुमचीच भीती वाटत असते."

बाहेरच्या खोलीत ताट सरकल्याचा आवाज आला. पुंडलिकराव चप्पल एकच घालून गेले. वहिनी त्यांच्या मागं. शांताबाई आणि करुणा दोन वेगळ्या दारांनी गेल्या, एक तर मागच्या अंगणातून, तुळशीला वळसा घालून. आणि शांताबाई चांगल्या झपाझप गेल्या. गल्लीतल्या दोघींना मी अजून काही म्हटलंही नव्हतं, तर त्या हात न धुताच उठल्या.

मोनाली दारात पोळ्यांची परात घेऊन उभी होती. "आई," ती म्हणाली, "एकाचं सांगितलेलं दुसऱ्याले सांगायचं नसते. हे पहिल्याच धड्यात असते. मी पुस्तक आणून वाचलं."

हे बाहेरून आत आले. पाच अर्धवट ताटं पाहिली. माझ्याकडं पाहिलं, मोनालीकडं पाहिलं, आणि तिला विचारलं, "पहिल्याच धड्यात?"

"हो, बाबा."

ह्यांनी तिथंच उभ्यानं वही मागवली आणि खर्च-मिळकत सोडून तिसरा रकाना आखला: न शिकता केल्यास नुकसान. शांताबाईंच्या घरात दोन चुली. पुंडलिकराव, पस्तीस वर्षांची मैत्री. लोधीखेड्याची बाई, अजून बाकी. वेळ, दहा मिनिटं. मग रकान्याखाली रेघ मारली.

"सहा लाख चाळीस हजारात सस्तंच हाय," हे म्हणाले.

शनिवारी नागपूरचा फॉर्म भरला गेला. व्रत फळलं, हे मी सगळ्यांना सांगितलं असतं, पण ऐकायला कोणी येत नव्हतं. ह्यांनी मात्र सुचवलं, की दत्ताची हरकत नसेल तर गुरुवार चालू ठेव, आणि जमल्यास बुधवारही घे.

आता मोनाली नागपूरला आहे. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, म्हणे, की ऐकलेलं गुप्त का ठेवायचं, कोणी उदाहरण देईल का. हिनं हात वर केला आणि गुडघे, मीठ, आलूबोंडे, सगळं सांगितलं. नाव कोणाचंही घेतलं नाही, फक्त गावाचं घेतलं. वर्गात करुणाची मावसबहीण आहे, हे तिला नंतर कळलं.

तेव्हा पाच वर्षं लागतीलच. ह्यांचा हिशेब बरोबर आहे.